कामाच्या ठिकाणची संघभावना आणि संवाद
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



 स्नेहसंमेलनात ज्ञातीचा इतिहास, शिष्यवृत्तिनिधी, वसतिगृह असे विषय वक्ते निवडतात, आणि ते योग्यच आहे. आम्ही निवडलेला विषय काहीसा निराळा वाटेल. एकत्र काम करणाऱ्या माणसांनी काही खेळ, काही उपक्रम एकत्र करावेत आणि त्यांतून परस्परांशी नीट बोलावयास शिकावे, यास हल्ली कंपन्यांतून ‘टीम बिल्डिंग’ म्हणतात. आपण त्यास संघबांधणी म्हणू. या संघबांधणीचा खरा उपयोग कोणता, आणि ती केव्हा व्यर्थ जाते, याचा विचार आपणांपुढे मांडावा असे योजिले आहे.

हा विषय ज्ञातीच्या व्यासपीठावर कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या घराघरांत आहे. एके काळी पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ घरच्या व्यवसायावर चालत असे. काम सांगणारा काका आणि काम करणारा पुतण्या, अशी तेथली रचना. थोरल्याने भुवई उंचावली की धाकट्याने समजावे, ही तेथली रीत. आज आपली मुले-मुली बँकांत, इस्पितळांत, कारखान्यांत, संगणकाच्या कंपन्यांत काम करतात. एकेका दालनात चार प्रांतांची आणि पाच भाषांची माणसे शेजारी शेजारी बसतात. तेथे भुवईची भाषा चालत नाही. तेथे बोलावेच लागते. ‘मोठ्यांसमोर उलटून बोलू नये’ हा संस्कार घेऊन आपली मुले तेथे जातात. संस्कार चांगलाच आहे. परंतु मोठ्यांस धोक्याची सूचना देणे म्हणजे उलटून बोलणे नव्हे, ही त्याची पुरवणी पुष्कळ घरांत सांगितली जात नाही. मग चूक डोळ्यांसमोर घडत असता मुलगा गप्प बसतो, आणि ‘साहेबांना कळतेच की’ असे मनाशी म्हणतो.

आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. कामाच्या ठिकाणी सर्वांत महाग पडते ते हे मौन. ज्याला दिसते तो बहुधा कनिष्ठ असतो, आणि ज्याच्या हाती निर्णय असतो तो वरिष्ठ असतो. या दोघांमधील वाट जो उपक्रम मोकळी करतो तोच संघबांधणीचा उपक्रम होय. बाकी सारी सहल. सहलीलाही आमचा विरोध नाही, पण तिला तिच्याच नावाने ओळखावे.

या मौनाची किंमत जगाला विमानाच्या अपघातांनी दाखवून दिली. स्पेनच्या ताब्यातील टेनेरीफ बेटावर २७ मार्च १९७७ रोजी धुके दाटले होते. धावपट्टीवर दोन प्रचंड जंबो विमाने होती. एक डच, एक अमेरिकन. डच विमानाच्या मुख्य वैमानिकाने उड्डाणाची परवानगी मिळण्यापूर्वीच विमान धावपट्टीवर सोडले. त्याच्यामागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरच्या मनात शंका आली, की समोरचे विमान अद्याप धावपट्टीवरून बाजूला झालेले नसावे. त्याने ती शंका प्रश्नरूपाने बोलूनही दाखविली. मुख्य वैमानिक त्या कंपनीतील अत्यंत मान्यवर गृहस्थ होता. त्याने ठासून सांगितले की मार्ग मोकळा आहे. इंजिनिअर पुढे काही बोलला नाही. काही क्षणांत दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मरण पावली. शंका योग्य होती आणि ती योग्य वेळी आली होती. तिला पुन्हा एकदा उच्चारण्याचे बळ मात्र मिळाले नाही.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेतील पोर्टलंड शहराजवळ दुसरे विमान कोसळले. चाके नीट उतरली आहेत की नाहीत या विवंचनेत मुख्य वैमानिक विमान घिरट्या घालवीत राहिला. इकडे इंधन संपत चालले होते. हाताखालच्या माणसांस ते दिसत होते, आणि त्यांनी ते आडून आडून सुचविलेही. परंतु ‘आता उतरलेच पाहिजे’ असे स्पष्ट शब्दांत कोणी म्हटले नाही. इंधन संपले आणि दहा जीव गेले. विमान चांगले होते, वैमानिक अनुभवी होते. उणे होते ते एवढेच, की एकाचे ज्ञान दुसऱ्याच्या कानांपर्यंत पोहोचले नाही.

या व अशा अपघातांचा विचार करण्यासाठी १९७९ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरविली, आणि १९८१ पासून एका मोठ्या विमान कंपनीने आपल्या वैमानिकांसाठी नवे शिक्षण सुरू केले. विमान चालविणे त्यांना येतच होते. हे शिक्षण एकमेकांशी बोलण्याचे होते. प्रारंभी पुष्कळ वैमानिकांनी त्याची थट्टा केली. ‘हे गोड बोलण्याचे वर्ग कशाला?’ असे ते म्हणत. परंतु त्या वर्गांत एक उपक्रम मोठा मोलाचा होता. साऱ्या चमूला सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या कृत्रिम विमानात, एकत्र बसवीत. मग मुद्दाम असा बिघाड घडवून आणीत की तो कोणा एकाच्या हुशारीने सुटू नये. बिघाड सुटो वा न सुटो, नंतर सर्वांनी बसून पाहावयाचे, की कोण केव्हा बोलले, कोणाचे बोलणे ऐकले गेले, आणि कोणाचे हवेत विरले.

या शिक्षणाचे फळ १९ जुलै १९८९ रोजी दिसले. अमेरिकेवरून जाणाऱ्या एका विमानाचे शेपटीकडचे इंजिन फुटले आणि विमान वळविण्याची सर्व साधने एकदम निकामी झाली. अशा स्थितीत विमान कसे उतरवावे हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. मुख्य वैमानिक अल हेन्स यांनी सर्व सहकाऱ्यांची मते घेतली. प्रवाशांत डेनिस फिच नावाचे एक वैमानिक-शिक्षक बसले होते. त्यांची मदतही संकोच न करता घेतली आणि उरलेल्या दोन इंजिनांची सूत्रे त्यांच्या हाती दिली. पाऊण तासाच्या झुंजीनंतर सू सिटी येथे विमान आदळत उतरले. २९६ जणांपैकी १८४ वाचले. हेन्स यांनी पुढे अनेक सभांतून सांगितले, की पूर्वीच्या पद्धतीप्रमाणे कॅप्टनचा शब्द हाच अखेरचा मानून आपण एकट्याने निर्णय घेतले असते तर हे घडले नसते.

विमानांची गोष्ट दूरची वाटत असेल तर इस्पितळाकडे येऊ. आपल्या ज्ञातीतील कित्येक मुली आज परिचारिका आहेत, कित्येक डॉक्टर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची एक यादी तयार केली. रुग्णाच्या अंगास सुरी लावण्यापूर्वी क्षणभर सर्वांनी थांबावे आणि यादीतील बाबी मोठ्याने बोलून पडताळाव्यात, असा तिचा नियम. त्यांत एक कलम असे, की दालनातील प्रत्येकाने आपले नाव आणि आपले काम सांगावे. जगातील आठ शहरांत, त्यांत आपली दिल्लीही होती, या यादीचा प्रयोग झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेकडा १.५ वरून ०.८ वर आले, आणि गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा ११ वरून ७ वर. केवळ नाव सांगण्याने एवढे घडले असे आम्ही म्हणत नाही. यादीत औषधाची, रक्ताची, उपकरणांची कलमेही आहेत. तथापि ज्याने एकदा सर्वांसमक्ष आपले नाव उच्चारले, त्याला दुसऱ्यांदा तोंड उघडणे सोपे जाते, हा अनुभव कोणत्याही कचेरीत घेता येईल. आपल्या कचेरीतील शिपायाचे पूर्ण नाव किती जणांस ठाऊक असते, हे ज्याचे त्याने मनाशी विचारून पाहावे.

आता एका आवडत्या समजुतीकडे वळू. माणसे एकत्र जेवली, एकत्र हसली, की त्यांची मने जुळतात, असे आपण मानतो. अमेरिकेत ओक्लाहोमा संस्थानातील रॉबर्स केव्ह नावाच्या उद्यानात १९५४ च्या उन्हाळ्यात मुझफ्फर शेरीफ या मूळच्या तुर्की मानसशास्त्रज्ञाने या समजुतीची परीक्षा पाहिली. अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले आणि त्यांच्यांत चढाओढीचे सामने लावले. थोड्याच दिवसांत शिवीगाळ झाली, निशाणे जाळली गेली, एकमेकांच्या खोल्यांवर छापे पडले. मग दोन्ही गटांस एकत्र जेवावयास बसविले, एकत्र चित्रपट दाखविला. जेवणाच्या वेळी मुलांनी एकमेकांवर अन्न फेकले. पंगतीने मने जुळली नाहीत.

नंतर शेरीफने दुसरी युक्ती केली. छावणीचा पाणीपुरवठा बंद पाडला. तेव्हा तहानेपोटी दोन्ही गटांस मिळून दोष शोधावा लागला. पुढे जेवण आणणारा ट्रक सुरू होईना; तेव्हा ज्या दोराने पूर्वी रस्सीखेच खेळली होती तोच दोर ट्रकला बांधून सर्वांनी एका दिशेने ओढला. अशा काही प्रसंगांनंतर वैर ओसरले, आणि परतीच्या वेळी पुष्कळ मुलांनी एकाच बसने जाण्याची इच्छा दर्शविली. मुलांना अंधारात ठेवून त्यांच्यांत भांडण पेटविणे हे आज कोणी उचित मानणार नाही, आणि त्या प्रयोगावर पुढे टीकाही झाली. परंतु त्यातील शिकवण घेण्यासारखी आहे. चढाओढीचा दोर आणि सहकार्याचा दोर एकच होता. फरक पडला तो ओढण्याच्या दिशेने.

बंधुभगिनींनो, येथे थोडे स्पष्ट बोलण्याची परवानगी असावी. ज्ञातिसंस्था आपल्याला ऊब देते. परगावी नोकरीस गेलेल्या मुलाला खोली मिळते, आजारपणात डबा मिळतो. हे उपकार लहान नव्हेत. परंतु कचेरीत आपल्या गावची, आपल्या भाषेची, आपल्या ज्ञातीची चार माणसे रोज एकाच टेबलाशी डबा उघडू लागली आणि कामाच्या बातम्याही त्याच टेबलावर फिरू लागल्या, तर पाचव्या माणसाला त्या बातम्या कळत नाहीत. शेरीफच्या छावणीतील गट तेथे नकळत उभे राहतात. ज्ञातीत मिळालेला आपलेपणा बाहेरच्या माणसापर्यंत नेता आला तर त्याचे सार्थक. आपल्या तरुणांनी डब्याचे टेबल आठवड्यातून एकदोनदा बदलावे, ही आमची साधी सूचना आहे.

आता प्रत्यक्ष उपक्रम कसे असावेत ते पाहू. घरातही करता येईल असा एक खेळ सांगतो. दोघांना पाठीला पाठ लावून बसवावे. एकाच्या हाती चौकोन-त्रिकोणांची एक आकृती द्यावी. त्याने ती शब्दांनी सांगावी आणि दुसऱ्याने कागदावर काढावी. मात्र काढणाऱ्याने एकही प्रश्न विचारावयाचा नाही. नंतर दुसरी आकृती द्यावी आणि या वेळी प्रश्न विचारण्याची मोकळीक ठेवावी. १९५१ साली हॅरॉल्ड लेविट आणि रोनाल्ड म्यूलर यांनी याच धर्तीचा प्रयोग केला होता. प्रश्नांची मुभा असता वेळ अधिक लागला, पण आकृत्या अधिक अचूक आल्या आणि काढणाऱ्यांचा स्वतःवरील विश्वासही वाढला. प्रश्नांस बंदी होती तेव्हा ऐकणारे चिडले. ‘मी सांगितले होते ना’ म्हणणारा वरिष्ठ आणि ‘मला तसे वाटले नाही’ म्हणणारा कनिष्ठ, यांचे रोजचे भांडण या खेळात दहा मिनिटांत डोळ्यांसमोर उभे राहते, आणि कोणाचाही अपमान न होता उभे राहते.

आपल्या मातीतला खो-खो घ्या. आठ गडी ओळीने बसलेले, एकाचे तोंड इकडे तर शेजारच्याचे तिकडे. पाठलाग करणाऱ्याला मागे फिरता येत नाही, आणि बसलेल्याला खो मिळाल्यावाचून उठता येत नाही. पाठीस हात लागला पाहिजे आणि ‘खो’ हा शब्द मोठ्याने उच्चारला गेला पाहिजे; मनातल्या मनात दिलेला खो नियमात बसत नाही. आपले काम दुसऱ्याच्या हाती सोपविताना स्पष्ट शब्दांनी सोपवावे, आणि सोपविल्यावर त्याच्या जागी आपण बसावे, याहून चांगला धडा कोणत्या परदेशी पुस्तकात मिळेल असे आम्हांस वाटत नाही. ज्यांचे गुडघे धरतात त्यांनी पंच व्हावे.

अशा सर्व उपक्रमांस चार पथ्ये पाळावीत. पहिले, काम असे निवडावे की ते एकट्याने पुरे होऊ नये. दुसरे, भूमिका उलटसुलट कराव्यात. एक तास तरी साहेबाने नवशिक्या कारकुनाच्या सांगण्याप्रमाणे वागून पाहावे. तिसरे, खेळ संपल्यावर सर्वांनी गोल बसून तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: काय ठरले होते, काय घडले, पुढच्या वेळी काय निराळे करू? प्रारंभ सर्वांत धाकट्याने करावा आणि वरिष्ठाने शेवटी बोलावे, कारण वरिष्ठ आधी बोलला की बाकीचे त्याच्या बोलण्यास मान डोलावून मोकळे होतात. अमेरिकी लष्करात सरावानंतर अशी उजळणी करण्याची पद्धतच आहे. अशा उजळण्यांवरील अभ्यासांचा एकत्र विचार करून २०१३ साली संशोधकांनी निष्कर्ष काढला, की त्यांमुळे काम सरासरीने सुमारे २५ टक्के सुधारते. आमच्या मते खेळापेक्षा ही अर्ध्या तासाची बैठकच अधिक मोलाची आहे, आणि नेमकी तीच बस सुटण्याच्या घाईत गाळली जाते.

चौथे पथ्य असे, की खेळातून एक तरी सवय सोमवारच्या कामावर न्यावी. वैमानिक नियंत्रकाची सूचना ऐकल्यावर तीच स्वतःच्या तोंडाने परत म्हणून दाखवितो, आणि ती चुकली तर नियंत्रक दुरुस्त करतो. ‘गुरुवारी दुपारपर्यंत तीन प्रती, असेच ना?’ एवढे उलट विचारण्याची सवय कचेरीत लागली तरी कितीतरी फेऱ्या आणि रागाचे प्रसंग वाचतील.

संघबांधणीच्या नावाखाली जे चालते त्यातील दोषही सांगितले पाहिजेत. हक्काच्या रविवारी सक्तीने नेणे. लहान मूल घरी ठेवून आलेल्या स्त्रीला रात्री उशिरापर्यंत अडकवून ठेवणे. कोणाच्या उच्चारांवर, अंगयष्टीवर विनोद करणे. नाचावयाचे नसता नाचावयास लावणे. आणि प्रत्येक खेळास बक्षीस लावून दोन खात्यांतील चुरस आणखी तापविणे. अशाने माणसे जवळ येण्याऐवजी सावध होतात. आणि वाईट ते असे, की रविवारी गोलात बसून मोकळेपणाने बोललेल्या मुलाला सोमवारी त्याच बोलण्यावरून टोमणे ऐकावे लागतात. तो मुलगा पुढे वर्षभर तोंड उघडीत नाही. त्याच्यापुरता तो उपक्रम झालाच नसता तर बरे होते. अपुरा पगार, अन्याय्य बढती, उद्धट अधिकारी यांवर खेळ हा उपाय नाही, हेही मालकांनी आणि अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. या सभेत दुकाने, कारखाने चालविणारे सभासद बसलेले आहेत, म्हणून हे विशेषेकरून सांगतो.

त्या सभासदांस आमची विनंती अशी. त्यासाठी सहलीचा खर्च करावयास नको. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी दहा मिनिटे सर्वांनी उभे राहावे. गल्ल्यावर बसणाऱ्यापासून माल उचलणाऱ्या पोऱ्यापर्यंत प्रत्येकाने कालची एक अडचण सांगावी, आणि मालकाने शेवटी बोलावे. कोणता माल कोपऱ्यात सडतो आहे, कोणते गिऱ्हाईक रागावून गेले, हे पोऱ्याला मालकाच्या आधी ठाऊक असते. जेथे भाऊ भाऊ भागीदार आहेत तेथे तर हे अधिकच आवश्यक आहे. कित्येक घरे हिशेबातील लबाडीमुळे फुटत नाहीत. वर्षानुवर्षे न बोललेल्या गोष्टींमुळे फुटतात.

आपल्या संस्थेतही हा प्रयोग करता येण्यासारखा आहे. संमेलनासाठी मंडप, स्वयंपाक, वाढप, हिशेब अशा समित्या नेमल्या जातात. संमेलन पार पडल्यावर सर्व समित्यांनी एकदा एकत्र बसावे आणि प्रथम सर्वांत तरुण स्वयंसेवकाने बोलावे, असा पायंडा कार्यकारी मंडळाने पाडावा. वाढपाच्या मुलींस ठाऊक असते की शेवटच्या पंगतीस काय कमी पडले. अध्यक्षांस ते त्यांनी सांगितल्यावाचून कळणार नाही. शिष्यवृत्ती घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अशा उपक्रमांचे एखादे शिबिर भरविता आले, तर नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांच्याजवळ पदवीबरोबर आणखी एक शिदोरी असेल. आपली शंका नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत, आणि गरज पडल्यास दुसऱ्यांदा सांगण्याचे धैर्य ही ती शिदोरी होय.

वडीलधाऱ्यांस अखेरची विनवणी. हे धैर्य कचेरीत येण्यापूर्वी घरात यावे लागते. संध्याकाळी जेवताना मुलगा किंवा सून ‘मला वाटते येथे आपले चुकते आहे’ असे म्हणाली, तर तिचे वाक्य पुरे होऊ द्यावे. पटले नाही तर कारण सांगावे. ऐकून घेतल्याने वडीलपण कमी होत नाही. उलट ज्याला सारे सांगावेसे वाटते तोच घरातला खरा वडील ठरतो.

 काही पटले नसेल तर ते आम्हांस आताच, चहाच्या वेळी, स्पष्ट शब्दांत सांगावे, अशी प्रार्थना करून आपली रजा घेतो.